पट्ट्याचं नवं भोक

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीच्या कागदावर एका आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाले, ‘सर, गोळी लगेच नको असेल तर सहा महिने देतो. पोट उतरवा.’ मी निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. आज्ञाधारकपणे वजनकाटा विकत आणला. रोज पहाटे चालू लागलो, ताटातला भात निम्म्यावर आणला. दोन महिन्यांत दोन किलो गेले आणि मग काटा जो अडला तो अडलाच. सात आठवडे ७४ म्हणजे ७४. एका सकाळी मी बूट घातलेच नाहीत. सौभाग्यवतींना म्हटलं, ‘कशाला उगाच पाय झिजवायचे?’ त्यांनी वाद घातला नाही. दोरीवरची माझी पँट काढून पुढे धरली, ‘अहो, ही कमरेवर राहते का ते आधी बघा.’

राहत नव्हती. संध्याकाळी कोपऱ्यावर बूट-चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडून पट्ट्याला आतल्या बाजूला एक भोक पाडून घेतलं. काटा एक सांगत होता, पट्टा दुसरंच. दोन साधनं परस्परविरोधी साक्ष देऊ लागली की इतिहासाच्या माणसाला हुरूप येतो. मी शोधू लागलो, की काट्याला एवढा अधिकार दिला तरी कोणी?

आपल्याकडे माणसाचं वजन करणं हा दानाचा विषय होता. रायगडावर १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची तुला झाली, ती काही प्रकृती पाहण्यासाठी नव्हे. प्रकृतीसाठी तराजूत बसणारा पहिला नामांकित गृहस्थ म्हणजे इटलीतल्या पादुआचा वैद्य सांक्टोरियस. त्यानं तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षं त्यात बसून स्वतःचं, खाल्ल्या अन्नाचं आणि मलमूत्राचं वजन केलं. त्याचा ग्रंथ १६१४चा. खाल्ल्या-प्यायल्यातला मोठा भाग नकळत घामा-श्वासावाटे उडून जातो, हा त्याचा निष्कर्ष. म्हणजे काट्याचा पहिला उपासकच सांगून गेला, की हा आकडा तासातासाला हलतो.

पुढे बेल्जियमचा केतले आला. हा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या नोंदींना लावायचं गणित त्यानं माणसांना लावलं. प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्यानं १८३२मध्ये मांडलं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. लठ्ठपणा त्याच्या डोक्यातही नव्हता. पण १९७२मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासून तेच सूत्र उचललं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स, बीएमआय, हे नाव दिलं. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मोठ्या समूहासाठी सोयीचं माप. ते एकेका माणसाच्या केसपेपरवर जाऊन बसलं.

खरं तर त्याच्या तीस वर्षं आधीच एक गंमत घडून गेली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यभरतीसाठी उंची-वजनाचे तक्ते वापरत. त्या तक्त्यांप्रमाणे २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी १७ जण जादा वजनामुळे अपात्र ठरत होते. आडदांड, चपळ गडी! नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी त्यांना पाण्यात बुडवून तोललं. तत्त्व आर्किमिडीजचं. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड. म्हणून पाण्याबाहेरचं आणि पाण्यातलं वजन घेतलं, छातीतल्या हवेचा हिशेब वजा केला, की शरीराची घनता कळते आणि घनतेवरून चरबी. निघालं असं, की हे पहिलवान जड होते ते स्नायूंनी. हा निबंध १९४२चा. मग १९४७मध्ये मार्सेचे डॉक्टर झाँ वाग यांनी दुसरा धागा पकडला. चरबी किती यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. पोटावरची चरबी मधुमेहाकडे नेते आणि मांड्या-नितंबांवरची तितकी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याची नीट दखल घ्यायला जगाला बरीच वर्षं लागली.

या कहाणीचं मला सर्वांत भिडलेलं पान मात्र पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! काटा आणि उंचीपट्टी दोघांना एकाच रांगेत बसवत होती. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं त्यांच्या चमूनं घेतली होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोंची, आपली २.७ किलोंची. हातपाय काटकुळे, पण पाठीवर चिमटीत येणारी चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. माझ्यासारख्या ‘अंगानं बारीक, नुसतं पोट’ असलेल्या माणसाचा इतिहास असा पाळण्यापासून सुरू होतो. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० धरतात, ती यासाठीच. २०२५मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानंही सांगितलं, की लठ्ठपणा ठरवताना केवळ बीएमआयवर विसंबू नका, कंबरही मोजा.

मी दुसऱ्या दिवशी बूट घातले. शिंप्याकडची टेप आणली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता (हे सर्वांत अवघड) दर पंधरा दिवसांनी माप घेऊ लागलो. वहीत आणखी एक रकाना आखला: तिसऱ्या मजल्यापर्यंत मध्ये किती वेळा थांबलो. चौथा महिना संपला तेव्हा कंबर ९८वरून ९३वर होती आणि जिन्याच्या रकान्यात शून्य. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा वजन ७३ होतं. त्यांनी साखरेचा कागद पाहिला, टेप काढून स्वतः एकदा माप घेतलं आणि म्हणाले, ‘गोळी अजून थांबू दे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.’ तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी जातो. गोळी अजून सुरू झालेली नाही. ९० मात्र अजून दोन सेंटिमीटर दूर आहे.

काटा घरातच आहे. रद्दीवाला येण्याआधी आम्ही त्यावर रद्दी मोजून ठेवतो.