तीन बोटांची गोष्ट

ऐकता ऐकता एक काम करा. मधली तीन बोटं जुळवून, उभी करून तोंडात घालून बघा. जातात? मला अडीचच जातात. मामाला एक.

मी एटापल्लीचा. आमच्याकडे चहा नंतर विचारतात, खर्रा आधी. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घ्यायचं, घोटायचं आणि गालात धरायचं. "जेवण पचते बा यानं," मामा म्हणायचा. मग पचनापासूनच सुरू करू.

पचन पोटात होतं असं आपण धरून चालतो. पण 1831 मध्ये लॉइक्स नावाच्या जर्मन संशोधकानं दाखवलं की लाळेमुळे स्टार्चची साखर होते. आमचा भाग धानाचा. भात सावकाश चावला की गोडसर का लागतो, तर याच्यामुळे. म्हणजे भाताचं पचन दातांपाशीच सुरू होतं. खर्रा खाणारा मात्र तीच लाळ दिवसभर थुंकत फिरतो. भिंती बघा ना आमच्या बसस्टँडच्या!

आता हा खर्रा आला कुठून? सुपारी इथं फार जुनी, विड्यातली. तंबाखू मात्र पाहुणी. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. 1600 नंतर लवकरच असद बेगनं ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. बादशहानं ओढून बघितली, तर हकीमानं तिथंच हरकत घेतली. चारशे वर्षांपूर्वी! कोणी ऐकलं?

पण माझं तोंड तंबाखूनं नाही, मुख्यतः सुपारीनं आवळलं. हे मला फार उशिरा कळलं. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हटलं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल ताठ होतो, तिखट झोंबतं, जबडा उघडेना होतो. काहींना पुढे कॅन्सर होतो. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली.

2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. पण खर्रा काही कंपनीच्या पाकिटातून येत नाही, तो टपरीवर डोळ्यांसमोर घोटला जातो. म्हणून आम्हाला तो 'आपला' वाटला, घरचा वाटला. 2016 पासून जिल्ह्यात 'मुक्तिपथ'चं काम चालू आहे, गावोगाव बैठका होतात. मी त्या बैठकीतही गालात खर्रा धरून बसलोय. खोटं कशाला बोलू?

मामी आता मामाला गुरगुट्या भात करते, वरण एकदम पातळ, मिरची नाही. चमचा आडवा करून आत सरकवावा लागतो. चावणं जवळपास संपलं, भात तसाच गिळायचा.

मी सोडून सात महिने झाले. आवळलेला गाल आपोआप पहिल्यासारखा होत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सोडलं तर पुढचं नुकसान थांबण्याची आशा, एवढंच. तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. तो केला की रोज सकाळी आरशासमोर बोटं लावून बघतो.

आजपण अडीचच.