बिननावाच्या नायकाचं बारसं

१९९० साली अमेरिकेतल्या स्कोलास्टिक या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेनं ‘मेटल गिअर’ नावाची छोटेखानी कादंबरी काढली. मुखपृष्ठावर एक जवान आहे. बंदूक धरल्यासारखे त्याचे हात छातीशी आलेले आहेत, पण हातांत बंदूकच नाही. मूळ चित्र याच नावाच्या व्हिडिओ गेमच्या खोक्यावरचं, आणि त्यात बंदूक होती. शाळकरी पोरांच्या पुस्तकावर शस्त्र नको म्हणून ती पुसली. हात मात्र तसेच राहिले. बरं, खोक्यावरचं चित्र तरी अस्सल कुठे होतं? ‘द टर्मिनेटर’ या १९८४च्या सिनेमातल्या मायकेल बीनच्या छायाचित्रावरून ते उतरवलेलं होतं. गेमवरून लिहिलेली कादंबरी मुळाशी कितपत इमान राखते, हा वाद आजही घालायचा तर मी या मुखपृष्ठापासून सुरुवात करीन. मूळ म्हणून ज्याकडे बोट दाखवावं, तेच कुणाची तरी नक्कल निघतं.

या पुस्तकमालेचं नाव होतं ‘वर्ल्ड्स ऑफ पॉवर’. ती उभी केली सेथ गॉडिन यांनी. मार्केटिंगवरच्या पुस्तकांमुळे पुढे जगभर नाव झालेले तेच गॉडिन. तेव्हा ते प्रकाशकांना पुस्तकं जुळवून देत, आणि या मालेवर ‘एफ. एक्स. नाइन’ असं टोपणनाव मिरवत. खेळ सगळे निन्टेंडोच्या यंत्रावरचे, पण दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले. पुस्तकांतली हिंसा छाटलेली असे. ‘निन्जा गायडेन’ या खेळात नायकाचा बाप शेवटी मरतो. पुस्तकात तो वाचतो.

‘मेटल गिअर’ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. हिदेओ कोजिमा यांनी हा खेळ १९८७ साली जपानमध्ये एमएसएक्स२ या संगणकासाठी रचला. त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी फार सैनिक आणि गोळ्या दाखवणं झेपेना, म्हणून त्यांनी लढण्याऐवजी लपण्याचा खेळ केला. निन्टेंडोसाठीची आवृत्ती मात्र दुसऱ्याच मंडळींनी केली, कोजिमांना बाजूला ठेवून. खेळाला जिचं नाव, ती महाकाय युद्धयंत्रणाच तिच्यात दिसत नाही. तिच्या जागी एक संगणक फोडायचा असतो. त्यावर अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी माहितीपुस्तिकेत कर्नल व्हर्मन कटाफी नावाचा खलनायक घुसडला. लिबियाच्या गडाफींची धास्ती घेण्याचा तो काळ, त्यामुळे कोटी कुणाच्याही ध्यानात यावी. कादंबरीकारानं हा कटाफी उचलला आणि ‘सॉलिड स्नेक’ एवढंच सांकेतिक नाव असलेल्या नायकाचं बारसं करून टाकलं: जस्टिन हॅली. आठ वर्षांनी ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये कोजिमांनी त्याचं खरं नाव सांगितलं, ते डेव्हिड.

आज या पुस्तकाची टवाळी होते. मला ती थोडी अन्यायाची वाटते. त्या काळी कार्ट्रिजमध्ये जागाच इतकी अपुरी असे की गोष्ट पडद्यावर मावत नसे. ती खोक्यावर आणि पुस्तिकेत राहायची. लेखकानं हाताशी होतं त्याच्याशीच इमान राखलं.

त्याआधीची पिढीही आहे. मॅसॅच्युसेट्समधली इन्फोकॉम कंपनी निव्वळ मजकुराचे खेळ करायची. पडद्यावर वर्णन यायचं आणि खेळणाऱ्यानं ‘उत्तरेला जा’, ‘दिवा उचल’ अशा आज्ञा टंकायच्या. १९८८पासून एव्हन प्रकाशनानं त्यांवर कादंबऱ्या काढल्या: ‘विशब्रिंगर’, ‘प्लॅनेटफॉल’, पुढे ‘झॉर्क’. शब्दांतूनच घडलेल्या खेळाची कादंबरी करणं सोपं असावं असं वाटतं. पण इन्फोकॉमचा खेळ ‘तुम्ही’ म्हणत बोलतो, आणि कादंबरीत त्या ‘तुम्ही’चा कुणीतरी ‘तो’ करावा लागतो. खरी अडचण तिथे आहे. गेममध्ये खेळणाऱ्यासाठी एक जागा मोकळी सोडलेली असते. कादंबरीकाराला तिथे कुणाला तरी बसवावंच लागतं, आणि बसवलं की आतापर्यंत तिथे बसलेला उठतो.

जपानमध्ये हे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या नायकाला नाव देतो तो खेळणारा. साओरी कुमी यांनी पाचव्या खेळावर कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांनी त्याला ‘र्युका’ हे नाव दिलं. २०१९ साली त्याच खेळावर सिनेमा आला आणि त्यातही नायक र्युका. कुमी यांनी निर्मात्यांवर दावा लावला.

‘डूम’च्या नायकाला तर चेहराही जेमतेम, पडद्याच्या तळाशी रक्ताळत जाणारं एक तोंड, बस्स. या खेळावर १९९५-९६ मध्ये डॅफिड अब ह्यू आणि ब्रॅड लिनावीव्हर यांनी चार कादंबऱ्या लिहिल्या. नायक झाला फ्लिन टॅगर्ट. पहिलं पुस्तक मंगळाच्या चंद्रावर, खेळाच्या वाटेवरून चालतं. पुढे लेखक जे सुटतात ते सुटतातच. नरकातले राक्षस परग्रहावरच्यांनी घडवलेले निघतात, सॉल्ट लेक सिटीतले मॉर्मन लोक प्रतिकार करतात, आणि अखेर कळतं की परग्रहवासीयांचं युगानुयुगांचं युद्ध प्राचीन ग्रंथांचा अर्थ कसा लावावा यावरून पेटलंय! एक पक्ष चक्क विरचनावाद्यांचा. खेळाशी याचा संबंध शून्य. मला मात्र हा भाग फार आवडतो, कारण मूळ संहितेवरून हमरीतुमरीवर येणारे हे प्राणी तर याच पुस्तकांच्या वाचकांत आढळतात.

पुन्हा स्नेककडे येऊ. २००८ साली त्याच्यावर दोन कादंबऱ्या आल्या. ‘मेटल गिअर सॉलिड’ लिहिली रेमंड बेन्सन यांनी. जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिलेला हा माणूस ‘अल्टिमा ७’ या गेमचा प्रमुख लेखकही होता, म्हणजे दोन्ही घरं ओळखीची. घटना क्रमानं येतात, संवाद ओळखू येतात, तक्रारीला जागा थोडी. तरी पुस्तक वाचताना काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. त्या खेळात एका पात्राची रेडिओ फ्रीक्वेन्सी सीडीच्या खोक्यामागे छापलेली असते, ती शोधायला खेळणाऱ्याला उठावं लागतं. मनकवडा शत्रू सायको मँटिस तुमचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही कोणते खेळ खेळता ते सांगतो; त्याला हरवायला कंट्रोलर काढून दुसऱ्या खाचेत लावायचा असतो. यातलं कागदावर काय आणणार?

त्याच वर्षी जपानमध्ये प्रोजेक्ट इतोह या लेखकानं चौथ्या खेळाची कादंबरी लिहिली, ‘गन्स ऑफ द पेट्रिअट्स’. कोजिमांच्या खेळांचा तो जुना भक्त. त्यानं एकच गोष्ट बदलली: सगळी कहाणी स्नेकचा मित्र ओटाकॉन सांगतो. ओटाकॉन दूर बसून यंत्राच्या डोळ्यांनी स्नेकला पाहतो, रेडिओवर वाट सांगतो, आणि त्याच्या जागी स्वतः लढू शकत नाही. खेळणारा याहून वेगळं काय करतो? मोकळ्या जागेत नायकाला न बसवता इतोहनं तिथे पाहणारा बसवला. या खेळात स्नेक अकाली म्हातारा झालेला आहे, त्याचे दिवस मोजके आहेत. इतोह स्वतः तेव्हा कर्करोगाशी झुंजत होता. मार्च २००९ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो गेला. मुळाशी सर्वांत निष्ठावान गेमकादंबरी कोणती असं कुणी विचारलं, तर मी ही सांगेन, निवेदकच बदललेली.

‘मास इफेक्ट’वाल्यांनी पेच आधीच ओळखला होता. त्या खेळातलं मुख्य पात्र, कमांडर शेपर्ड, बाई की बाप्या हे खेळणारा ठरवतो, म्हणून गेमचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन यांनी कादंबऱ्यांत शेपर्डला जवळजवळ बाहेर ठेवून इतर पात्रांच्या गोष्टी सांगितल्या. चौथी कादंबरी, ‘डिसेप्शन’, २०१२ मध्ये विल्यम डीट्झ यांनी लिहिली आणि वाचक खवळले. पात्रांच्या स्वभावांपासून परग्रहवासीयांच्या शरीररचनेपर्यंतच्या चुकांची लांबलचक यादी त्यांनी सामायिक फाइलमध्ये मांडली. कंपनीला आणि प्रकाशकाला माफी मागून पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या करण्याचं आश्वासन द्यावं लागलं.

‘हेलो’ या खेळाच्या बाबतीत उलटंच घडलं. एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली, पहिला खेळ नोव्हेंबरात. नायक मास्टर चीफचं लहानपण, त्याचं जॉन हे नाव, रीच ग्रहाचा पाडाव, हे सगळं वाचकांना आधी पुस्तकातून कळलं. नऊ वर्षांनी कंपनीनं ‘हेलो: रीच’ हा खेळ काढला. त्यात तोच पाडाव वेगळ्या तारखांना, वेगळ्या ओघानं होतो. यावेळी मुळापासून ढळला होता तो खेळ. पण नव्या आवृत्तीत दुरुस्त्या झाल्या त्या कादंबरीत.