भुताची फिर्याद

कोर्टकचेरीत ज्याने वीसपंचवीस वर्षे काढली आहेत त्यास एक गोष्ट पुरती ठाऊक असते. फिर्यादीची खरी यातना निकालाच्या दिवशी नसते. ती दोन तारखांच्या मधल्या काळात असते. कोरियन भयपट फार संथ चालतात, अर्धाअधिक चित्रपट सरला तरी भुताचा पत्ता नसतो, अशी तक्रार कानी आली की मला हे आठवते. त्या संथपणाचे मूळ मला त्या देशाच्या एका जुन्या कथेत दिसते, आणि त्या कथेतील भूत हे फिर्यादी आहे.

ही कथा चोसन राजवटीतील जांगह्वा व होंगर्यन या दोन बहिणींची. सावत्र आईने सोललेला उंदीर जांगह्वाच्या अंथरुणात ठेवला आणि कुमारिकेचा गर्भपात झाल्याचा बोभाटा केला. घराण्याच्या अब्रूखातर त्या निरपराध मुलीला तळ्यात लोटण्यात आले. मागोमाग धाकटीनेही तेथेच जीव दिला. पुढे दोघी दाद मागावयास रात्री परगण्याच्या हाकिमापुढे उभ्या राहू लागल्या. परंतु त्यांना पाहताच एकामागून एक हाकीम भीतीने गतप्राण होत. अखेर एक धीराचा हाकीम आला. त्याने त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले व चौकशी मांडली. मौज अशी की, पहिल्या सुनावणीत तोही फसला! सावत्र आईने जपून ठेवलेला तो सुकलेला गोळा पुढे केला आणि हाकिमास तो पटला. बहिणी पुन्हा आल्या. तो चिरून पाहा, म्हणाल्या. चिरला, तो आत उंदराच्या लेंड्या निघाल्या. पुराव्याची इतकी चोख छाननी मी प्रत्यक्ष न्यायालयातही क्वचितच पाहिली आहे.

त्या हाकिमांना भुतांनी मारले नव्हते. ऐकून घेण्याचा धीर नव्हता, म्हणून ते मेले. दाद न लागलेल्या अन्यायाचे जे शल्य मनात साठून राहते त्यास कोरियन भाषेत ‘हान’ म्हणतात. आणि असे शल्य एका किंकाळीत सांगून संपत नाही.

ही कथा १९२४ सालीच मूकपटाच्या रूपाने पडद्यावर आली. १९६० साली किम की-यंग यांनी ‘हान्यो’, म्हणजे ‘मोलकरीण’, हा चित्रपट काढला. त्यात भूत मुळीच नाही. एक दुमजली घर, एक जिना आणि स्वयंपाकघरातील उंदराचे विष, एवढ्यावर सारे भय उभे आहे. विष कोठे ठेवले आहे हे एकदा कळले की पुढे पाण्याचा प्रत्येक पेला प्रेक्षकाला संशयास्पद वाटू लागतो.

१९६१ साली लष्कराने सत्ता बळकावली, १९६२ साली चित्रपटांचा कायदा झाला, आणि पुढे कित्येक वर्षे पडद्यावर काय यावे हे सरकार ठरवू लागले. ४ ऑक्टोबर १९९६ रोजी तेथील संविधान न्यायालयाने चित्रपटांची पूर्वपरीक्षण पद्धती घटनाबाह्य ठरविली. त्या निकालामुळेच भयपटांना बहर आला असे म्हणण्याइतका पुरावा मजपाशी नाही. पण १९९८ साली पार्क की-ह्युंग यांचा ‘योगो ग्वेदाम’ आला तो कन्याशाळेतील शिक्षकांच्या क्रौर्यावर उघड बोट ठेवणारा. त्यातील मेलेली मुलगी वर्षानुवर्षे त्याच वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसत राहते, आणि ते जवळजवळ कोणाच्याच ध्यानी येत नाही.

२००३ साली किम जी-वून यांनी त्या दोन बहिणींची कथा पुन्हा हाती घेतली. नाव जुनेच ठेवले. हाकीम मात्र काढून टाकला. तेथेच त्यांची खरी प्रतिभा दिसते. हाकिमाची रिकामी खुर्ची प्रेक्षकाकडे येते. फुलाफुलांचे भिंतकागद, जेवणाच्या मेजावरील अवघडलेली शांतता, बंद कपाट, परस्परविरोधी जबान्या, हे सारे त्याने उतावीळ न होता ऐकावयाचे असते. भलत्याच साक्षीवर विश्वास ठेवून तोही पहिल्या सुनावणीत फसतो. खरी हकीकत अगदी अखेरीस कळते. त्या दिवशी वरच्या मजल्यावर ते कपाट कोसळले होते. त्याचा आवाज घरातील सर्वांच्या कानी पडला. एकटी सावत्र आई वर गेली, तिने पाहिले, आणि हात न लावता ती परतली.