यू कुठे बसतो?

इंग्रजीतल्या बऱ्याच शब्दांनी मला छळले. पण ‘गेज’ने जेवढे छळले तेवढे कुणीच नाही. जी, ए, यू, जी, ई. यातला तो यू ‘ए’च्या आधी बसतो की नंतर, हे मला मॅट्रिकपर्यंत उमगले नाही. गोंदियासारख्या जंक्शनवर वाढलेल्या पोराला हाच शब्द येऊ नये, याचे मास्तरांना फार दुःख. “अरे, घरासमोरून गाडी जाते ना तुझ्या?” म्हणत ते कान पिळीत. गाडी जात होती हो, पण तिच्यावर स्पेलिंग लिहिलेले नव्हते! आणि आमच्या घरी ‘गेज’ म्हणायचेच कोण? मामाकडे बालाघाटला जायची ती छोटी लाईन, नागपूरला जायची ती बडी लाईन. संपले व्याकरण.

मूळ शब्द फ्रेंचांकडचा, अर्थ माप. पिंपात दारू किती, हे मोजणारा सरकारी माणूस तो गेजर. पुढे पाऊस मोजायला गेज, बॉयलरची वाफ मोजायला गेज. लोखंडाच्या दुकानात पत्र्यालाही गेज. तिथे आकडा वाढला की पत्रा पातळ. (पगाराचेही तसेच.) अमेरिकन इंजिनियरांनी तर यू सरळ काढूनच टाकला. हे मला मास्तरांच्या हयातीत कळायला हवे होते!

आमच्या गावाने मात्र स्पेलिंग न शिकता तिन्ही गेज पाहिले. 1880च्या आसपास नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली ती मीटर गेजवर. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली आणि रूळ साडेपाच फूट रुंद केले. मग 1903 ते 1905च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने जबलपूरपर्यंत सातपुड्यातून छोटी लाईन गेली, ती अडीच फुटांची. फरक बरोबर तीन फुटांचा. छोटीचा डबा बडीवर चढेना, म्हणून प्रत्येक पोते या वाघिणीतून त्या वाघिणीत हमालाच्या पाठीवरून जायचे. त्या तीन फुटांवर गावातल्या कितीतरी चुली पेटल्या. त्यातली एक आमची. वडील मालधक्क्यावर पोती मोजून लिहून घेत.

1990च्या दशकात चांद्याकडची लाईन बडी झाली, या शतकात बालाघाटची आणि पुढे जबलपूरपर्यंतची. सोय झाली, खोटे कशाला बोलू? आता गोंदियाला कुणी सामान उतरवत नाही. पोतीही बसल्या जागेवरून पुढे जातात.

वडील गेल्यावर त्यांची जुनी वही सापडली. पानोपानी ‘गेज’ लिहिलेले, आणि पानोपानी यू ‘ए’च्या आधी! म्हणजे आमचे हे घराणेच. मी हसलो, मग खालच्या बेरजा ताडून पाहत बसलो.

यू प्रत्येक पानावर चुकला होता. पोते एकही चुकले नव्हते.