नेमबाजीचा खर्च कुणी सोसायचा?

पुणे - मुलाला स्पर्धात्मक खेळात घालावे का, हा प्रश्न पालकांपुढे बहुधा प्रशिक्षण शुल्काच्या रूपाने येतो. नेमबाजीत मात्र शुल्क हा खर्चाचा लहानसा भाग. रायफल एकदा घेतली की काही वर्षे चालते. काडतुसे रोजच्या सरावात संपतात आणि स्पर्धेच्या दर्जाची बहुतांशी परदेशातून येतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या शिक्षकाचे चिरंजीव. शिक्षकाच्या पगारात हा खेळ बसणारा नव्हे. २००९ मध्ये ते राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले. तेथे निवास, भोजन व प्रशिक्षणाचा भार शासन उचलते. २०१३ मध्ये पुण्यातील ‘लक्ष्य’ संस्थेचे साह्य मिळाले, २०१५ मध्ये रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. स्वतःची पहिली रायफल त्यानंतरची. प्रबोधिनी ते पदक, पंधरा वर्षे गेली.

राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, परंतु ते विहित स्पर्धांतील यशालाच. पात्रता फेरीत अडखळणाऱ्यांच्या पालकांना यातले काही परत मिळत नाही. आणि बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्यांत संख्या त्यांचीच अधिक.