सायकलच्या दुकानाचे ऋण

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या तीन मासिकांना ओलांडून पुढे जाता येत नाही. मध्यमवर्गीय वाचकाची, विशेषतः वाचक स्त्रीची जडणघडण या मासिकांनी कशी केली, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. मात्र या परंपरेचे मूळ शोधत मागे गेले, तर आपण एखाद्या छापखान्यात किंवा विद्यापीठात पोचत नाही, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानात पोचतो. या योगायोगाकडे थोडे गंभीरपणे पाहावे, असे मला वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकार होण्यासाठी गेले. रंगांधत्वामुळे रंगकाम सोडावे लागले, तेव्हा ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. त्यांनी मुंबईतून सायकली पाठवाव्यात, बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्या विकाव्यात, असा भावाभावांचा व्यवसाय होता. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालच्या या दुकानापासूनच मोजतो. नोकरीत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणराव बेळगावला परतले. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

सायकल ही त्या काळी नवलाईची वस्तू होती. ती विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवावे लागे, आणि रामूअण्णा तसे शिकवीतही. शिवाय सायकल विकल्याने व्यवहार संपत नाही. तिचे चाक वाकडे होते, आरे तुटतात, छर्रे झिजतात आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाच्या पायरीशी येते. विक्री, शिकवण आणि दुरुस्ती या तीन गोष्टी येथे वेगळ्या काढता येत नाहीत. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला फार काळ लागला. अशा अविश्वासापुढे टिकून राहण्याचे शिक्षण या मंडळींना सायकलच्या दुकानाने दिले असावे, असे म्हटले तर ते फारसे धाडसाचे ठरू नये. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, ते कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. त्यातूनच 'किर्लोस्कर' मासिक वाढले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याची सवयच येथे वाचकाशी बोलण्याची सवय झाली.

हे उदाहरण अपवादात्मक वाटेल, म्हणून त्याच सुमाराचे दुसरे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन शहरात राइट बंधूंचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला: आधी छापखाना, मग सायकली. ऑर्व्हिलचा शाळासोबती, पुढे नामांकित कृष्णवर्णीय कवी म्हणून ओळखला गेलेला पॉल लॉरेन्स डनबार याने १८९० मध्ये काढलेले 'डेटन टॅटलर' हे वृत्तपत्र याच बंधूंनी छापले होते. १८९२ मध्ये त्यांनी सायकलींचे दुकान थाटले. आधी विक्री आणि दुरुस्ती, आणि १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या विमानाचे पंखे साखळ्यांवर फिरत होते. त्याचे इंजिन घडवले ते दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने. हवेचा दाब मोजण्याची त्यांची उपकरणे करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून बनली होती.

पैशाची बाजूही पाहण्यासारखी आहे. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांना अमेरिकेच्या युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. त्यांचे यंत्र १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात पोटोमॅक नदीत कोसळले. राइट बंधूंचा खर्च सुमारे हजार डॉलरच्या घरात होता, आणि तो दुकानाच्या उत्पन्नातून निघाला. त्या उड्डाणाचे भांडवल डेटनमधल्या सामान्य गिऱ्हाइकांनी पुरवले. दुरुस्तीचे पैसे मोजताना आपण कशाला हातभार लावत आहोत, हे त्यांतल्या कोणालाही ठाऊक नव्हते.

प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानातून विमान उडत नाही, हे उघडच आहे. हा सगळा स्मरणरंजनाचा खटाटोप आहे, असा आक्षेपही घेता येईल. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात रस्त्यांचा ताबा केव्हाच दुचाक्यांनी आणि मोटारींनी घेतला. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. खोक्यातून घरपोच येणारी सायकल पुष्कळदा स्वस्तही पडते. पण ती नीट जुळवायची कोणी, तिचा ब्रेक बसवायचा कोणी, पंक्चर काढायचे कोणी, हे प्रश्न त्या किमतीत धरलेले नसतात. ते ज्याच्याकडे न्यायचे, तो कोपऱ्यावरचा दुकानदार केवळ पंक्चरच्या मिळकतीवर तगून राहील, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून सायकल ओळखीच्या दुकानातूनच घ्यावी आणि दुरुस्तीही तेथेच करावी, हे म्हणणे दयाबुद्धीचे नाही. चाकाचा आऊट काढणाऱ्या हातांचे ज्ञान पुस्तकात उतरत नाही. ते बघून आणि करून एका पिढीकडून दुसरीकडे जाते, आणि दुकान बंद झाले की त्याच्याबरोबरच संपते. आपल्या वाङ्मयीन इतिहासातील एक मोठे दालन अशाच एका दुकानामुळे उघडले. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हे ऋण विसरू नये, आणि फेडायचेच झाले तर ते आपल्या गल्लीतल्या दुकानात फेडावे.