महिंद्रा, मोहम्मद आणि जीपची चासी

माण-खटावच्या दगडधोंड्यांत जीप ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही. बीडीओची जीप, मलेरियाच्या फवारणीची जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप, लग्नाचे वऱ्हाड कोंबून नेणारी जीप. आमच्या वडूजच्या तीन पिढ्यांनी तिच्यामागची धूळ खाल्ली आहे. पण ज्या कंपनीने ही गाडी या मुलखात आणली, तिच्या पाटीवर सुरुवातीला एका मुसलमानाचे नाव होते, हे जीपेखाली आयुष्य काढलेल्या आमच्या गॅरेजवाल्यांनाही सहसा ठाऊक नसते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात निघालेल्या त्या कंपनीचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'.

कैलासचंद्र आणि जगदीशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. गुलाम मोहम्मद जन्माने लाहोरचे, अलीगढला शिकलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यातून वर आलेले, पुढे निजामाच्या हैदराबादेत अर्थखाते सांभाळलेले. धंदा पोलादाचा होता. जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत मुरले होते. कैलासचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला हिंदुस्थानसाठी मालखरेदी करणाऱ्या सरकारी कचेरीचे प्रमुख होते आणि अमेरिकेतच त्यांची जीपच्या कर्त्यांपैकी एक, बार्नी रूस, यांच्याशी गाठ पडली. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. 'एम अँड एम' ही अक्षरे तेवढी राहिली. छापून ठेवलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून हे नाव घेतले, असे सांगतात. खरे असेल तर हिशेबी माणसांना शोभणारेच आहे. एक भाग निघाला, त्याच मापाचा दुसरा बसवला, बोल्ट तेच.

जीपेला हा प्रकार नवा नव्हता. ती जन्मापासून तीन घरची आहे. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी तातडीने हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकडून आराखडा करून घेतला आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना लष्कराच्या हवाली केला. लष्कराने तो आराखडा विलिस आणि फोर्ड या मोठ्यांना दाखवला. विलिसचे इंजिन सर्वांत दमदार ठरले: २,१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. समोरची पत्र्यात ठोकलेली नऊ फटींची जाळी फोर्डची. बँटमच्या वाट्याला पुढे ट्रेलर बनवण्याचे काम आले. गरिबाची कल्पना आणि श्रीमंताचा कारखाना, हे तिकडेही चुकले नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या, आमच्या तालुक्यातली माणसे हुतात्मा झाली, त्या वर्षी ओहायोतल्या टोलेडोच्या कारखान्यातून जीपांच्या रांगा बाहेर पडत होत्या. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. अस्सल जीप कोणती, हा प्रश्न विचारणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

युद्धानंतर उरलेला लष्करी माल 'डिस्पोजल'मध्ये निघाला आणि जीप मुलकी हातांत आली. जुन्या जीपांचा सौदा आपल्या सरकारलाही बाधला. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सुमारे ८० लाखांचा करार केला. आल्या १५५, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा असा जुन्या जीपा नव्यासारख्या करण्यावरूनच झाला. आमच्याकडचे गिऱ्हाईक गाडी सुरू करून पाहिल्याशिवाय दमडी सोडत नाही, ते शहाणे म्हणायचे.

१९४९ मध्ये मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून विलिसच्या जीपा तयार होऊ लागल्या. पुढे उंच बॉनेटची 'सीजे ३ बी' आली. तिच्या नव्या इंजिनाचे काही व्हॉल्व्ह डोक्यावर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उचलावे लागले. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ चालली. आपल्याकडे तोच सांगाडा त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिला.

२६ जानेवारी १९५५ रोजी प्रजासत्ताक दिनाचे संचलन पहिल्यांदा राजपथावर झाले. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम मोहम्मद! ज्या कंपनीच्या पाटीवरून त्यांचे नाव उतरले होते, ती तेव्हा मुंबईत जीपा जोडत होती. पुढच्या वर्षी ते वारले. १९५४ मध्ये घटना समिती बरखास्त करणारा म्हणून त्यांच्या देशात ते बदनाम, आणि आपल्याकडे विस्मृतीत. त्यांच्यासाठी गळा काढावा असे आम्हाला वाटत नाही. पण जीपच्या कंपनीची पहिली पाटी सांगायची तर ती पुरी सांगावी.

पाटीवरचे नाव गेले, गाडीखालचे हात राहिले. शेख, पठाण, मुलाणी, तांबोळी, शिकलगार. जमीन थोडी किंवा नाहीच, नोकरीत शिरकाव कमी. मग दहा-बारा वर्षांच्या पोराला उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला बसवायचे, हा रिवाज पडला. स्वयंरोजगारात मुसलमानांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये आकड्यांनी दाखवले. आमच्या गॅरेजच्या ओळीत ते उघड्या डोळ्यांनी दिसत होते. विहिरीवरचे ऑइल इंजिन उघडणारा हातच जीपेचेही इंजिन उघडू लागला.

काम भरपूर होते. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामुदायिक विकास योजना, १९५३ पासून हिवताप नियंत्रण, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या. सरकार गावात येऊ लागले ते जीपेत बसून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्या दुरून धूळ दिसली की साहेब आले हे ओळखत. या जीपा झिजल्या की लिलावात निघत आणि एखादा बागायतदार ती घेऊन येई.

मग १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. पेट्रोल पिणारी जीप पोसणे कुणबिकीला परवडेना. कंपनीने जीपेत ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन घातले आणि १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार करून २,११२ सीसीचे डिझेल इंजिन आणले. गॅरेजवाल्यांनी यातून आपला धडा घेतला. नवी जीप घेणे जमत नसेल तर अपघातात सापडलेली डिझेल जीप भंगारात घ्यायची आणि तिचे काळीज जुन्या जीपेत घालायचे. आज शहरातले हौशी लोक अशा गाडीला 'डोनर' म्हणतात. आमच्याकडे तिला 'कापायची गाडी' म्हणतात. काम तेच, फरक इतकाच की आमच्याकडे ते हौसेने नव्हे, गरजेने सुरू झाले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस असते. तिथून एक शाफ्ट मागच्या ॲक्सलला जातो, दुसरा पुढच्या. मूळ जीपेत हा जोर मधून न निघता उजव्या अंगाने निघतो, म्हणून डिफरन्शिअलचा गोळाही ॲक्सलच्या मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो. ज्या गाडीचा गोळा मधोमध किंवा डावीकडे, तिचा ॲक्सल कितीही मजबूत असला तरी इथे कामाचा नाही. महिंद्राने जुनी ठेवण बरीच वर्षे सोडली नाही, म्हणून तिची जुनी जीप कापायला बरी पडते. २००० साली आलेल्या बोलेरोचे इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक उपयोगी पडतात, पण तिच्या पुढच्या चाकांची बांधणी वेगळी. तो भाग जीपेत घालायला जाऊ नये.

सर्वांत मोठा फास दातांचा. युद्धातल्या जीपेच्या पिनियनला ८ दाते आणि क्राउनला ३९. नंतरच्या सीजे जीपांना ८ आणि ४३. कापायच्या गाडीचा मागचा ॲक्सल चांगला निघाला म्हणून तेवढाच युद्धकाळच्या जीपेत घातला, तर दोन चाकांवर गाडी सुरळीत पळते आणि मालक खूश होतो. पावसाळ्यात चिखलात पुढचा गिअर टाकला की मागची-पुढची चाके दहा टक्क्यांच्या फरकाने फिरू पाहतात. चिखलात घसरून ते निभावते. तशीच डांबरावर आणली की शाफ्टचा क्रॉस तरी तुटतो, नाहीतर दात तरी. म्हणून जाणता मिस्त्री एकतर दोन्ही ॲक्सल घेतो किंवा एकही घेत नाही.

डिझेल इंजिन जड आणि लांब. त्याच्यासाठी चासीवर नवे फाउंडेशन, रेडिएटर पुढे, पुढच्या पाट्यांत एखादे पान जादा, सहा व्होल्टचे वायरिंग काढून बारा व्होल्टचे. नसलेला भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून मिळतो. काही जण याहून सोपी वाट काढतात: जुनी बॉडी उचलून सरळ नव्या चासीवर ठेवायची. पण जुन्या जीपेच्या दोन ॲक्सलमधले अंतर ८० इंच आणि एमएम ५४० चे ९१. मग चासी कापून जोडतात. वळणावर त्या जोडावर काय ताण येतो हे पाहायला मालक खाली वाकत नाही.

आमच्याकडच्या एका गॅरेजात अशाच एका जीपेपुढे झालेले बोलणे आमच्या कानांत राहिले आहे. गाडी आजोबांनी लिलावात घेतलेली, नातू पुण्यात नोकरीला.

"चाचा, इंजिन दुसरं, ॲक्सल दुसरे. मग ही आजोबांची जीप राहतीय का?"

"चासीवरचा नंबर त्योच हाय, दादा. मी त्येला गिलंडर लावलेला न्हाई."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तर तुमच्या आजोबांनीबी दोनदा बदललंय. मीच बदलून दिलंय."

कायद्याचा कौल जवळपास असाच आहे, पण पुरता नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठासून सांगितले. इंजिन बदलले तर आरटीओकडे नोंद हवी. त्यात जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नवे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायला ५ हजार. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तेल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

म्हणजे शेतावर राबत राहिली म्हणून जी जीप जगली, ती या व्याख्येत बसत नाही. आणि शेडमध्ये झाकून ठेवली म्हणून न बदललेली बसते. जतनाचे नियम करताना डोळ्यांपुढे राजेरजवाड्यांच्या मोटारी असाव्यात, मिस्त्रीचे गॅरेज नसावे, असे आमचे मत आहे. राबणाऱ्या गाडीसाठी निदान वेगळी नोंद हवी होती: कोणता भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या साली, कोणाच्या हातून.

नातवाने आधी डिझेल घालूनच मागितले होते. हा नियम कळल्यावर तो घुटमळला. उस्तादाने त्याला इतकेच सांगितले की जुने इंजिन किलोवर विकू नको. फाउंडेशनही त्याने जुन्या जागा न कापता, बोल्टवर निघेल असे केले आहे. विलिसचे ते इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. महिन्या-दोन महिन्यांनी उस्ताद प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडतात, पुढून हँडल घालतात आणि ते चार फेरे फिरवून ठेवतात.